मानेतील धमनी मोकळी झाली, पुढे काय?

वाचकाचे पत्र:

मी 66 वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सात आठवड्यांपूर्वी सकाळी वाचत असलेले वर्तमानपत्र उजव्या हातातून गळून पडले आणि पत्नीला हाक मारायला गेलो तर शब्दच फुटेना. दुपारपर्यंत बरेचसे पूर्ववत झाले, पण एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला लहानसा डाग दिसला आणि मानेच्या डाव्या धमनीत 80 टक्के अडथळा निघाला. नवव्या दिवशी ऑपरेशन झाले. आता डाव्या कानाची पाळी आणि जबडा बधिर आहे, मान वळवायची भीती वाटते, सकाळी अकरालाच गळून जातो आणि टीव्हीवर कीर्तन ऐकतानाही रडू येते. अधूनमधून ओळखीची नावे आठवत नाहीत. घरचे मला जिना चढू देत नाहीत, अंघोळीला एकटे सोडत नाहीत, शेताकडे जाऊ देत नाहीत. मेहुणे म्हणतात की ब्लॉकेज काढले, आता एवढ्या गोळ्या कशाला. त्यांनी शिरा मोकळ्या करणारा काढा आणून दिला आहे. उजव्या धमनीतही 40 टक्के अडथळा आहे, तिचेही ऑपरेशन करावे लागेल का? तंबाखू चाळीस वर्षांची, आता निम्म्यावर आणली आहे. आणि शेवटचे विचारतो, आषाढीच्या वारीला यंदा जाता येईल का?

उत्तर:

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलतो, कारण त्यातील एकाचे उत्तर थांबू शकत नाही. मेहुण्यांनी आणलेला काढा बाजूला ठेवा आणि एकही गोळी स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या निर्णयाने बंद करू नका. मेहुण्यांचा हेतू चांगला असणार यात शंका नाही, पण ऑपरेशनने काय साधले याविषयी त्यांचा समज चुकीचा आहे, आणि तो समज घरात टिकला तर झालेल्या ऑपरेशनचा निम्मा उपयोग वाया जाईल.

मानेच्या दोन्ही बाजूंनी कॅरोटिड नावाची मोठी धमनी वर जाते. जबड्याच्या कोनाच्या थोडे खाली तिला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडे आणि दुसरी थेट मेंदूकडे जाते. या फाट्यापाशी रक्ताचा प्रवाह सरळ न राहता भोवरे घेतो, आणि रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी आधीच दुखावलेल्या धमनीच्या अस्तरात तिथे वर्षानुवर्षे चरबी आणि कॅल्शियम साचत जाते. हा थर जाड झाला की रक्त कमी पडते म्हणून पक्षाघात होतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घडते ते वेगळे: थराचा पृष्ठभाग एखाद्या दिवशी तडकतो, तडकलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि तिचा कण सुटून मेंदूत जाऊन अडकतो. डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि बहुतेक माणसांची वाचाही सांभाळतो, म्हणून तुमच्या हातातील वर्तमानपत्र आणि तोंडातील शब्द एकाच वेळी गेले.

शस्त्रक्रियेत धमनी उघडून तो थर सोलून काढला गेला. तुम्हाला ती सुचवली हे अगदी योग्य झाले. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, पक्षाघाताची लक्षणे येऊन गेलेल्या आणि 70 टक्क्यांहून अधिक अडथळा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर राहिलेल्या शंभरातील 26 जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण शंभरात 9 होते. त्या काळची औषधे आजच्याइतकी प्रभावी नव्हती हे ध्यानात घेतले तरी फरक मोठाच आहे. लक्षणे दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झाल्यास त्याचा लाभ सर्वाधिक मिळतो. तुमचे नवव्या दिवशी झाले.

मात्र मोकळी झाली ती एका धमनीतील काही सेंटीमीटरांची जागा. पाटाच्या एका वळणावरचा गाळ उपसला म्हणून वरून येणारे पाणी गढूळ यायचे थांबत नाही. तसेच ज्या कारणांनी तिथे थर साचला ती कारणे उजव्या कॅरोटिडमध्ये, हृदयाच्या धमन्यांत आणि पायांच्या धमन्यांतही काम करीत आहेत. त्यांना आवरण्याचे काम गोळ्यांचे आहे. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी गुठळी धरू देत नाही आणि ती सहसा आयुष्यभर चालते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारखी चरबीची गोळी एलडीएल कोलेस्टेरॉल उतरवते आणि असलेल्या थराचा पृष्ठभाग घट्ट करते, म्हणजे तो तडकण्याची शक्यता कमी होते. पक्षाघातानंतर तुमच्यासारख्या रुग्णाचे एलडीएल 70च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते. रिपोर्टच्या कागदावर 100पर्यंतचा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असला तरी तो तुमच्यासाठी नाही. या गोळीने मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्यास डॉक्टरांना सांगा; ते मात्रा किंवा औषध बदलतील, पण परस्पर सोडू नका.

अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे हे पुढच्या भेटीत स्पष्ट विचारून डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. सौम्य पक्षाघातानंतर या दोन्ही गोळ्या एकत्र बहुधा मर्यादित काळच देतात, कारण लांबवल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुमच्या बाबतीत काळ किती, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. दात काढायचा झाला तर दंतवैद्यांना आधी या गोळ्यांची कल्पना द्या आणि त्या थांबवाव्यात की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरू द्या. गुडघेदुखीवर गावात सर्रास मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या-इंजेक्शनांपासून दूर राहा. त्यांनी रक्तदाब चढतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळाही आणते. शौच डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी दाखवा. काढ्याविषयी माझा आक्षेप एवढाच की त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही आणि त्याने या गोळ्यांवर काय परिणाम होईल हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. एकादशीचा उपवास करायचा असेल तर जरूर करा, फक्त गोळ्यांना एकादशी नसते हे घरात सर्वांना सांगून ठेवा. आणि मधुमेहाची गोळी चालू असल्यास उपवासाआधी डॉक्टरांशी बोला.

रक्तदाबावर मला थोडे थांबायचे आहे, कारण पुढचा पक्षाघात टाळण्यासाठी यापेक्षा मोठे हत्यार आपल्याकडे नाही. दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घरी आणा, मनगटाचे नको. चहा आणि जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवी करून या, पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून पाच मिनिटे गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर मेजावर ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी असे आठवडाभर लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा ती वही त्यांना कितीतरी अधिक सांगेल. हाजिरीपट चोख ठेवणाऱ्याला हे सांगायला नको. सामान्यतः 130/80च्या खाली येण्याचा प्रयत्न असतो, पण तुमचा आकडा आणि तिथवर पोचायचा वेग डॉक्टर ठरवतील. कॅरोटिडच्या फाट्यापाशी रक्तदाब जाणणारे मज्जातंतू असतात आणि ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागतो, त्यामुळे काही काळ रक्तदाब वर-खाली होऊ शकतो. अंथरुणातून उठताना आधी कडेवर वळा, मिनिटभर काठावर बसा आणि मग उभे राहा. चक्कर येत असेल तर गोळी न टाळता आकड्यांसह डॉक्टरांना कळवा. मिठाचे प्रमाण दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, ठेवायचे असते. तुमच्या भागात ते भाजीपेक्षा ठेचा, लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्यांतून अधिक जाते. ताटातील मिठाची चिमूट बंद केली आणि लोणच्याची फोड दुप्पट झाली तर काहीच साधत नाही.

तंबाखू निम्म्यावर आणल्याबद्दल मी तुमचे अभिनंदन करणार नाही, गुरुजी. चाळीस वर्षांची सवय निम्मी करायला किती निग्रह लागतो हे मी जाणतो, पण उरलेल्या निम्म्या चंचीतील निकोटीनही प्रत्येक वेळी हृदयाची गती आणि रक्तदाब चढवते, आणि निम्म्यावर आलेली तंबाखू पहिल्या ताणाच्या दिवशी पूर्ववत होते. ती पूर्ण सोडायला हवी. 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक निःशुल्क आहे. तिथले समुपदेशक तारीख ठरवण्यापासून पुढे अनेक आठवडे साथ देतात. निकोटीनच्या च्युइंगगमची मदत घ्यायची असेल तर तुमच्या प्रकृतीला ती चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. घरात आणखी कोणी मिश्री लावत किंवा तंबाखू खात असेल तर त्यांनीही तुमच्याबरोबर सोडावी; समोर मळली जाणारी तंबाखू पाहत कोणालाही ती सोडवत नाही.

आता मानेकडे वळू. चीर देताना त्वचेला संवेदना देणारे बारीक मज्जातंतू कापले किंवा ताणले जातात, म्हणून कानाची पाळी, जबड्याची कड आणि जखमेच्या पुढची कातडी बधिर होते. हा पुन्हा पक्षाघात नव्हे. बधिरपणा काही महिन्यांत हळूहळू आक्रसत जातो. एखादा ठिपका कायमचा राहिला तरी त्याने अपाय होत नाही. तोवर दाढी वस्तऱ्याने न करता विजेच्या यंत्राने करा, कारण बधिर जागेवर कापलेले कळत नाही आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ते लवकर थांबतही नाही. आवाज घोगरा असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जीभ एका बाजूला जात असेल तर ते मात्र सर्जनना दाखवा. तेही बहुतेकांचे भरून येते, पण नोंद हवी.

मान वळवण्याची भीती तुम्ही आता सोडावी. सात आठवड्यांत जखम चांगली भरते आणि डावीकडे-उजवीकडे पाहिल्याने धमनीचे टाके उसवत नाहीत. उलट मान धरून ठेवल्यानेच स्नायू आखडतात आणि मग डोके दुखू लागले की पुन्हा भीती वाटते. दिवसातून तीन-चार वेळा बसून, सावकाश, दुखेपर्यंत न ताणता दोन्ही बाजूंना वळवत जा. मानेला मालीश मात्र कोणाकडूनही करून घेऊ नका, आणि केस कापायला गेल्यावर झटका देऊन मान मोडून देण्याची जी पद्धत आहे तिला ठामपणे नकार द्या. अशा झटक्याने निरोगी माणसाच्या मानेतील धमनीचेही अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन तसेच कपालभाती आणि भस्त्रिका सध्या नकोत; श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम चालेल.

थकव्याविषयी तुम्ही जे लिहिले ते वाचताना तुम्हाला त्याची लाज वाटते आहे असे जाणवले, आणि त्याचे काही कारण नाही. पक्षाघात सौम्य असला तरी निम्म्याच्या आसपास रुग्णांना असा थकवा येतो. हातात ताकद परत येते, चालणे पूर्ववत होते, पाहणाऱ्याला माणूस धडधाकट दिसतो, आणि तरी एखादे साधे संभाषण किंवा बँकेतील रांग त्याला थकवून टाकते, कारण पूर्वी आपोआप होणारे काम मेंदू आता जोर लावून करीत असतो. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि गोळ्यांची मात्रा एकदा तपासून घ्या. तुम्ही मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास थांबतो असे पत्नीचे निरीक्षण असेल तर तेही सांगा. झोपेतील श्वासाच्या त्या विकाराने थकवाही येतो आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. त्यापलीकडे, डोक्याचे काम सकाळी नाश्त्यानंतर करा, गळून जाण्याची वाट न पाहता साडेदहालाच वीस मिनिटे आडवे व्हा, आणि बऱ्या दिवशी आठवड्याचे काम उरकण्याचा मोह टाळा. त्या मोहाची किंमत पुढचे दोन दिवस द्यावी लागते.

रडू येण्याची दोन कारणे असू शकतात. मेंदूतील भावना आवरणारी यंत्रणा काही काळ सैल होते, तेव्हा अभंगाच्या एका ओळीने डोळे भरतात आणि दोन मिनिटांत माणूस पूर्ववत होतो. हे सहसा काही महिन्यांत ओसरते. पण दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, पहाटे जाग येऊन वाईट विचार येत असतील, तर ते नैराश्य आहे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना ते गाठते आणि औषधाने बरे होते. डॉक्टरांना हे सांगताना संकोच करू नका. 14416 या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

नावे न आठवणे हा डाव्या मेंदूच्या इजेचाच उरलेला भाग आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते आणि नंतरही ती चालू राहते, म्हणून हा काळ वाया जाऊ देऊ नका. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचा आणि पान मिटून ती पत्नीला स्वतःच्या शब्दांत सांगा. शब्द अडला तर घरच्यांनी लगेच पुरवू नये, थोडे थांबावे. उजव्या हाताने रोज एक पान लिहा, सदऱ्याची बटणे त्याच हाताने लावा, शेंगा सोला, तांदूळ निवडा. जिल्ह्याच्या ठिकाणी वाक्-उपचारतज्ज्ञ असतील तर एकदा तपासून घ्या.

यानंतरचे थोडे तुमच्या पत्नी आणि मुलांसाठी, त्यांना हा मजकूर वाचून दाखवा. तुम्ही घाबरलात हे स्वाभाविक आहे, पण ज्या माणसाची ताकद आणि तोल डॉक्टरांनी ठीक म्हटला आहे त्याला खाटेवर बसवून ठेवणे हा उपचार नाही. त्याने स्नायू झडतात, साखर आणि वजन वाढते, आणि आपण निरुपयोगी झालो ही भावना पक्की होते. जिना कठडा धरून चढू द्या. अंघोळीला एकटे जाऊ द्या; आतली कडी न लावणे आणि न घसरणारी पायपुसणी टाकणे एवढी काळजी पुरेशी आहे. चालणे दहा मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत न्यायचे आहे. शेतावर सकाळी कोणाबरोबर तरी जाणे चांगलेच. भर उन्हात, पोती उचलायला किंवा रात्रीच्या लाइटला मोटार सुरू करायला एकट्याने जाणे नको. गाडी चालवण्याआधी हाताची पकड, बाजूची नजर आणि लक्ष यांची तपासणी करून डॉक्टरांची परवानगी घ्या, आणि पहिल्यांदा रिकाम्या मैदानात मुलाच्या देखरेखीखाली चालवून पाहा.

तुमची खरी जबाबदारी वेगळी आहे. तोंड एका बाजूला ओढले जाणे, हात उचलता न येणे किंवा गळणे, बोलणे अडखळणे अथवा असंबद्ध होणे, आणि एका डोळ्यासमोर अचानक पडदा आल्यासारखे होणे, यातले काहीही दिसले तर किती वाजले ते पाहा, 108ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. नुकते ऑपरेशन झालेल्या रुग्णाला ते न देता गुठळी तारेने काढण्याचा मार्ग निवडावा लागू शकतो, म्हणून ऑपरेशनचे कागद बरोबर न्या. तोंडात पाणी, साखर किंवा गोळी घालू नका. लक्षणे आपोआप गेली तरी न्या. पहिल्या वेळी दुपारपर्यंत बरे वाटले होते, हे विसरू नका. लकव्याचे औषध देणाऱ्या गावी आधी जाऊन येऊ, या विचारात अनेक घरांनी हेच साडेचार तास गमावले आहेत. ऑपरेशनच्या बाजूने अचानक असह्य डोकेदुखी, फिट येणे किंवा मानेवर सूज वाढून श्वास लागणे हे धोके मुख्यतः पहिल्या महिन्यात असतात. तो काळ उलटला असला तरी असे काही झाल्यास थेट रुग्णालयच गाठा.

उजव्या धमनीतील 40 टक्के अडथळ्याला, त्या बाजूची लक्षणे आलेली नसताना, ऑपरेशनची गरज नाही. त्यावर उपचार म्हणजे वर सांगितलेल्या गोळ्या, रक्तदाब आणि तंबाखू बंद करणे हाच, आणि ठरावीक काळाने डॉप्लर तपासणी, म्हणजे धमनीतील रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी. ती तपासणी डाव्या बाजूसाठीही हवी, कारण पहिल्या दोन वर्षांत टाक्यांच्या जागी आतले अस्तर जाड होऊन धमनी पुन्हा थोडी अरुंद होऊ शकते. तुमच्या सख्ख्या भावंडांनी आणि चाळिशी गाठलेल्या मुलांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

राहिली वारी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर यंदा पायी पूर्ण करण्याचा आग्रह धरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा निरोगी माणसालाही दमवतो, आणि वारीत झोप, पाणी व जेवण यांच्या वेळा आपल्या हाती राहत नाहीत. मात्र वाखरीपासून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा तुम्हाला साधू शकेल. त्यासाठी आतापासून चालणे टप्प्याटप्प्याने वाढवा आणि आषाढीच्या महिनाभर आधी डॉप्लर व रक्तदाबाची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या वेळी सलग तासभर न थकता चालता येत असेल, रक्तदाब आटोक्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर मुलाला बरोबर घेऊन जा, चार दिवसांच्या जादा गोळ्या दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवा, आणि आजाराचे नाव, गोळ्यांची यादी व मुलाचा फोन क्रमांक लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवा.